दगड तापवायचा कोठा

६ ऑगस्ट, मंगळवार

चनबसप्पा आजही आला नाही. सकाळी फोनवर म्हणाला, "बाई, निघालोच की." एमआयडीसीतल्या त्याच्या लोखंडकामाच्या शेडमधून आमच्या चुन्याच्या भट्टीवर यायला वीस मिनिटं लागतात. मी सहा तास वाट पाहिली. छत्तीस वर्षं हायस्कुलात शास्त्र शिकवलं, पण गृहपाठ न आणणारी इतकी निर्ढावलेली मुलगी मला एकदाही भेटली नाही.

ही वही आमच्या ह्यांनी आणून दिली. म्हणाले, "रोज संध्याकाळी माझ्यावर जे ओततेस ते ह्यात ओत." पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. सगळं कागदावर हवं.

तर ओतते. मे महिन्यात मी निवृत्त झाले. अक्कलकोट रोडला वडिलांनी बांधलेली भट्टी आहे, माझी निम्मी, धाकट्या भावाची, शिवयोगीची, निम्मी. इतकी वर्षं तोच बघत होता. आता त्याला कंटाळा आलाय. शहर भट्टीपर्यंत येऊन ठेपलंय, जागेचे प्लॉट पाडू म्हणतो. कोळसा परवडत नाही हे त्याचं कारण. मी म्हटलं, कोळसा कमी करून दाखवते, दिवाळीपर्यंत थांब. तो हसला. त्या हसण्यानंच मी भरीस पडले.

१० ऑगस्ट, शनिवार

आज गुरप्पाशी डोकं लावलं. गुरप्पा म्हणजे भट्टीचा मुख्य कारागीर. वय सदुसष्ट, त्यातली पंचेचाळीस वर्षं ह्याच भट्टीवर. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून मला अक्का म्हणतो, पण ऐकत मात्र तेव्हाही नव्हता.

त्याला मी नीट समजावलं. आपली भट्टी म्हणजे उभा दगडी बुरूज. वरून चुनखडीचा दगड आणि कोळसा थरानं टाकायचा, मध्ये जळतं, खालून कळीचा चुना काढायचा. पण बुरूज बुटका आहे, त्यामुळे वरच्या तोंडातून धूर निघतो तो भयंकर तापलेला असतो. मी तापमापक लावून बघितलं, तीनशे चाळीस अंश. ती सगळी उष्णता आकाशात जाते आणि आपण गारढोण दगड आत टाकून तो पुन्हा कोळशानं तापवत बसतो. तेव्हा भट्टीच्या तोंडावर झाकण बसवायचं, धूर नळानं शेजारच्या लोखंडी कोठ्यात न्यायचा, कोठ्यात दगड भरून ठेवायचा. धुरानं दगड तापतो, तोच तापलेला दगड भट्टीत टाकायचा. कोळसा कमी लागतो. सातवीच्या मुलीला कळेल.

गुरप्पानं सगळं ऐकून घेतलं. तंबाखू मळली. मग म्हणाला, "धूर कोठ्यात जाईल कसा?"

"पंख्यानं. पंखा ढकलेल."

"धूर ढकलायचा नसतो, अक्का."

"का?"

"नसतो."

हे उत्तर. वर्गात असं उत्तर आलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

१९ ऑगस्ट, सोमवार

चनबसप्पा प्रकटला. कोठा बरा केलाय, जोड जरा ओबडधोबड आहेत पण चालतील. मी दिलेल्या नकाशात पंखा कोठ्याच्या पलीकडच्या टोकाला, उंच लोखंडी मचाणावर होता. म्हणजे धूर कोठ्यातून ओढून वर धुराड्यात सोडायचा. आता हा म्हणतो, मचाणाला अजून तीन आठवडे लागतील आणि पंखा वर चढवायला क्रेन आणावी लागेल.

तीन आठवडे त्याच्या तोंडून म्हणजे दोन महिने. साखर कारखान्यांचा हंगाम तोपर्यंत तोंडावर येईल. उसाच्या रसाला चुना लागतो, आमचं निम्मं गिऱ्हाईक तेच. मी विचारलं, पंखा खालीच, भट्टी आणि कोठ्याच्या मध्ये बसवला तर?

"बसंल की. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या बॉयलरचा पंखा हाय, उष्णता सोसतो. आठ दिवसांत करून देतो."

"मग तिथंच बसव. इकडून ढकलला काय आणि तिकडून ओढला काय, धूर तेवढाच जाणार."

तो "तुमी म्हनाल तसं" म्हणाला आणि मला उगाच चीड आली. ह्या माणसांना स्वतःचं मत म्हणून काही नसतंच का.

२९ ऑगस्ट, गुरुवार

कोठा सुरू झाला. आठ दिवसांचे दहा झाले, पण झाला.

कोठ्याचं दार भट्टीच्या माथ्यावरच आहे. तिथं गंगम्माला ठेवलंय. पन्नाशीची आहे, भट्टीवर तिच्यासारखं पाटी चालवणारं कोणी नाही. लांब दांड्याच्या फावड्यानं दारातून तापलेला दगड ओढायचा, हातगाडीत भरायचा, झाकण उघडलं की भट्टीत लोटायचा. संध्याकाळी दगडाचं तापमान एकशे नव्वद. आणि धूर बघावा तर कोठ्याच्या दगडांत गाळून जवळजवळ दिसेनासाच झालाय. वासही पूर्वीच्या मानानं काहीच नाही. हा मी न मागितलेला फायदा.

शिवयोगीला फोन केला. म्हणाला, "बघू की." अभिनंदन करायला जीभ झिजली असती.

३ सप्टेंबर, मंगळवार

पाच दिवसांत कोळसा दिवसाला चाळीस पाट्यांवरून चौतीसवर आला. हे मी दोनदा तपासलं. गुरप्पालाही कबूल करावं लागलं. "व्हय, कमी लागतोय," एवढंच म्हणाला, तेही भट्टीकडे बघून, माझ्याकडे नाही.

गंगम्मा डोकं दुखतं म्हणते. तिला सांगितलं, पाणी पी. श्रावण संपला तरी हिचे उपास संपत नाहीत. सोमवार, गुरुवार, शनिवार. उपाशी पोटी फावडं ओढल्यावर दुसरं काय होणार.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षकदिन. सकाळपासून जुन्या विद्यार्थिनींचे फोन. एक पुण्यात डॉक्टर आहे, म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणायचात की 'का' विचारल्याशिवाय वही मिटायची नाही." बरं वाटलं. दिवसभर माथ्यावर उभी होते, दोन्ही कानशिलं ठणकतायत. फोनवर बोलवेना.

आमचे हे म्हणतात रक्तदाब बघून घे. घेतला. बरोबर आहे. तरी त्यांचं समाधान नाही, दुसऱ्या हातावरही घेतला.

९ सप्टेंबर, सोमवार

शुक्रवारी रात्रीपासून पावसाची झड. गणपतीची मूर्ती आणतानाही भिजलो. भट्टीवर कोठ्याजवळचा दगड ओला, गंगम्मा ओली, वाऱ्यानं दगड निवतो तो वेगळाच. सगळे माझ्याकडे बघत उभे, जणू पाऊस मी लावलाय. शेवटी मीच चनबसप्पाकडून जुने पत्रे आणवले आणि कोठ्याच्या दाराभोवती तीन बाजूंनी तारेनं बांधून घेतले. वर छप्पर होतंच. आता छान आडोसा झालाय. आत उबदारही आहे. दगडाचं तापमान दोनशे दहावर गेलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

डोकं ठिकाणावर ठेवणं कठीण होत चाललंय. गंगम्मा दुपारी उलटी करून आली. घरी पाठवते म्हटलं तर नको म्हणाली, बाहेर लिंबाखाली तासभर पडून राहिली आणि उठली ती ठणठणीत. पुन्हा आत गेली, पुन्हा तासाभरानं पाय जड झाल्याची तक्रार. मी विचारलं, लिंबाखाली बरं वाटतं आणि कामावर वाईट वाटतं, ह्याचा अर्थ काय समजायचा मी?

तिनं फावडं उचललं. नंतर गुरप्पा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ती कामाला चुकारपना करनारी बाई न्हाय, अक्का."

"मग काय झालंय तिला?"

"ते मला ठावं न्हाय. पन माझं बी डोकं धरतंय वर गेलो की. पत्रे काढा म्हनतो मी."

"आणि पाऊस?"

"पाऊस काय, पाऊस तर आमी जलमभर खाल्लाय."

पत्रे बांधले की पत्रे काढा. पंखा बसवला की पंखा नको. ह्या माणसांना नवीन काही दिलं की त्यांचं डोकं दुखतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

वीज नव्हती, सकाळी नऊपासून चारपर्यंत. पंखा बंद. झाकण उघडं ठेवून जुन्या पद्धतीनं गार दगड टाकायला लागला. आणि काय सांगावं, आज सगळ्यांना हुरूप. गंगम्मा गाणं म्हणत होती. गुरप्पानं तिची थट्टा केली, ती हसली. यंत्र बंद पडलं की ह्यांना आनंद होतो हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. माझंही डोकं आज दुखलं नाही, पण ते सात तास हात बांधून बसल्यामुळे असेल.

चारला वीज आली. पंखा सुरू केला. पाचला गंगम्माचं तोंड पुन्हा उतरलेलं.

१२ सप्टेंबर, शनिवार

हे म्हणतात आज चौदा तारीख आहे. खरंच चौदा आहे. कोळशाच्या वहीतही मी आज चौतीस आणि सहा एकोणचाळीस लिहिलंय. गणिताच्या बाईंनी पाहिलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं. दिवसभर पत्र्यांच्या आत गंगम्माच्या पाठीशी उभी होते, ती थांबू नये म्हणून. घरी आल्यावर ह्यांना एकच गोष्ट दोनदा विचारली म्हणे. मला आठवत नाही. वय झालं, दुसरं काय.

१७ सप्टेंबर, मंगळवार

काल लिहू शकले नाही. आज जसं घडलं तसं लिहून ठेवते.

काल, सोमवारी, साडेअकराच्या सुमारास मी खाली ऑफिसच्या खोलीत होते. माथ्यावरून हातगाडीचा आवाज बराच वेळ आला नाही. मी चिडूनच चढण चढले. गंगम्मा कोठ्याला पाठ टेकून बसली होती, हनुवटी छातीवर, फावडं मांडीवर आडवं. झोपली असं वाटलं. मी दाराशी उभी राहून तिला बोलले. काय काय बोलले ते मला सगळं आठवतं. झोपायला घर आहे ना, म्हटलं. ह्या वयात नाटकं करायला लाज नाही वाटत, म्हटलं. तीनदा हाक मारली. आवाज एवढा चढला होता की खाली चुना काढत असलेला गुरप्पा धावत वर आला.

तो मला बाजूला सारून आत गेला आणि तिला उचलायला वाकला. वाकला तो गुडघ्यांवर आला, आणि मग हळूच, कोणी बसवावं तसा, तिच्या शेजारी बसला. माझ्याकडे बघत होता पण मी त्याला दिसत नव्हते.

तेव्हा मला शुक्रवार आठवला. वीज गेलेला शुक्रवार. गाणं म्हणणारी गंगम्मा. पंखा बंद असला की बरं वाटतं, सुरू झाला की तोंड उतरतं, लिंबाखाली बरं, पत्र्यांत वाईट. सगळं मी स्वतःच्या हातानं ह्या वहीत लिहिलेलं होतं.

पंख्याचं बटण दारापासून चार पावलांवर आहे. आधी ते बंद केलं. मग वाऱ्याच्या बाजूचा पत्रा लाथेनं पाडला, तार तुटेना, दगडानं तोडली. श्वास रोखून आत गेले. आधी गंगम्माला काखेत धरून फरपटत उघड्यावर आणलं. गुरप्पा अर्धा स्वतः सरपटत आला. खालची माणसं आली, त्यांनी दोघांना टेम्पोत घातलं.

कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. रंग नाही, वास नाही, चव नाही, रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो. छत्तीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं. पंखा कोठ्यात धूर ढकलत होता, आणि आत दाब आला की चनबसप्पाच्या त्या ओबडधोबड सांध्यांतून आणि उघड्या दारातून वायू बाहेर पडत होता. माथा उघडा होता तोवर वारा तो नेत होता. मग मी त्याला तीन भिंती बांधून दिल्या. धूर दिसत नाही म्हणून मी खूश होते. काजळी दगडात राहत होती आणि जे मारतं ते पुढे येत होतं.

दवाखान्यात डॉक्टर विचारत होत्या, काय झालं. शिवयोगी माझ्या आधी पोचला होता. त्यानं मला कोपऱ्यात घेतलं. "अक्का, उन्हानं चक्कर आली म्हण. नाहीतर चौकशी लागेल, भट्टी बंद होईल."

"सकाळपासून पाऊस आहे," मी म्हटलं.

"मग उपासानं म्हण."

हे तर मीच दोन आठवडे म्हणत होते. मी सरळ डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं, भट्टीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड, बंद जागेत, सकाळपासून. त्यांनी लगेच मास्क बदलला, ऑक्सिजन पूर्ण सोडला. म्हणाल्या, हे आधी कळलं ते बरं झालं.

गुरप्पा संध्याकाळी उठून बसला. गंगम्मा आज सकाळपर्यंत शुद्धीवर आलेली नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

दुपारी दोन वाजता तिनं डोळे उघडले. मुलीला ओळखलं. वार विचारला तर सांगता आला नाही.

मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. हे डबा घेऊन आले. इतकी वर्षं मी ह्यांच्यावर करवादते. डब्याचं झाकण काढून माझ्यासमोर धरून बसले.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सरकारी कारखाना निरीक्षक येऊन गेले. अपेक्षेप्रमाणे भट्टी बंद. पंख्याची जागा बदलून, वायू मोजायचं यंत्र बसवून, ते येऊन बघतील तोवर आग पेटवायची नाही. मी सगळं सांगितलं, सह्या केल्या. फॉर्ममध्ये एकच रकाना तीनदा भरायला लावला. रागावायचाही हक्क राहिला नाही म्हणून भरला.

निरीक्षक फाटकाबाहेर जाईपर्यंत शिवयोगी थांबला. मग म्हणाला, "तू खरं बोललीस, आता भोग. मी प्लॉटवाल्याला दसऱ्यानंतर ये म्हणून सांगतो." मी म्हटलं, सांग. भांडायला तोंड कुठं होतं मला.

गुरप्पा भट्टीवर येऊन बसला होता. विझत चाललेल्या भट्टीजवळ त्याला करमत असेल असं नाही, पण घरी त्याहून करमत नाही. मी त्याच्या शेजारी बसले. त्यानं मला "मी म्हनलो हुतो" असं म्हणावं अशी माझी तयारी होती. जवळजवळ इच्छाच होती.

तो म्हणाला, "मला बी ठावं नव्हतं, अक्का. ज्येच्या हाताखाली शिकलो तो म्हनायचा, धूर ढकलायचा न्हाय, ओढायचा. का ते त्यानं सांगितलं न्हाय. मी इचारलं न्हाय."

"मी तुला विचारलं होतं. तू 'नसतो' म्हणालास."

"व्हय. आनि तुमी गप बसलात की."

खरं आहे. मी त्याला मनातल्या मनात बाकावर उभं केलं आणि वही मिटली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

गंगम्माला मंगळवारी घरी सोडलं. आज तिच्या गावी, कुंभारीच्या पलीकडे, भेटायला गेले. ती ओट्यावर बसली होती. हात थरथरतो, चहाची कपबशी मुलीनं धरली. मला बघून पदर सावरला. तिनं पदर सावरू नये असं वाटलं.

मी उभ्यानंच सांगितलं. "गंगम्मा, चूक माझी होती. पंखा चुकीच्या जागी मी बसवला. पत्रे मी बांधले. तू आणि गुरप्पा सांगत होतात, मी ऐकलं नाही. तुझं औषधपाणी आणि तू बरी होईपर्यंतची मजुरी भट्टीकडून येईल, ते वेगळं. ते दिलं म्हणून हे फिटत नाही."

तिनं अंगणातल्या शेळीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमी मला हाक मारलासा की नाय?"

"मारली."

"मला ऐकू आली. तीन येळा. ओ द्यायला तोंड उघडंना. हात हलंना. तुमी शिव्या घालत हुतासा ते बी सगळं ऐकू आलं."

मी खाली बसले.

"म्या म्हनत हुते मनात, अक्का, मी झोपले न्हाय. जवळ येऊन बघा तरी."

शेजारी तिची मुलगी रडायला लागली. गंगम्मा रडली नाही. मीही नाही, मला तो अधिकार नव्हता. निघताना तिनं विचारलं, "कोठा मोडनार का ठेवनार?"

मी म्हटलं, तू सांग.

"कोळसा कमी लागतो त्यो खरा का?"

"खरा."

"मग मोडू नगासा. तितं बारा मानसं जेवत्यात. पन म्या वर येनार न्हाय."

९ ऑक्टोबर, बुधवार

चनबसप्पाला मी एका दिवसात मचाणाचं काम सुरू करायला लावलं. त्याचं तोंड एवढंसं झालंय. म्हणाला, "बाई, मला तवाच वाटलं हुतं पंखा वरच पायजे."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी शाळेतल्या बाई. म्हटलं, तुमास्नी ठावं असंल."

त्याचं मत नव्हतं असं नाही, ते बाहेर यायला मी जागा ठेवली नव्हती. तरी सांधे ओबडधोबड केल्याबद्दल त्याला बोलले. ते बोलायलाच हवं होतं.

आता पंखा कोठ्याच्या पलीकडे, अठरा फूट उंच मचाणावर. क्रेन आली, अर्धा दिवस चिखलात रुतून बसली. सांधे पुन्हा वेल्डिंगनं बंद केले. दाराभोवती एकही पत्रा नाही, फक्त वर छप्पर. कारखान्याची पहिली खेप दुसऱ्या भट्टीवाल्याकडून गेली. शिवयोगीनं मला ती बातमी फोनवर दोनदा सांगितली.

१६ ऑक्टोबर, बुधवार

निरीक्षकांच्या परवानगीनं चाचणीपुरती आग पेटवली. ते स्वतः हजर होते, त्यांच्या यंत्रात आकडा शून्यावरून हलला नाही. तरी गुरप्पाचं समाधान होईना. त्यानं खिशातून उदबत्ती काढली, पेटवली, आणि कोठ्याच्या एकेका सांध्याजवळ धरत गेला. पूर्ण फेरी मारली. जिथं बारीकशी फट राहिली होती तिथं उदबत्तीचा धूर आत ओढला गेला. दाराशीही आत. बाहेर कुठंच नाही.

"ह्ये बगा," तो म्हणाला. "फट ऱ्हायली तरी हवा आत जाईल, वायू भाईर येनार न्हाय."

"का ते सांग," मी म्हटलं.

त्यानं उदबत्ती विझवली. मग सावकाश सांगितलं, दाब कुठं जास्त, कुठं कमी. सगळं बरोबर. निरीक्षक मान हलवत होते. शिवयोगीही आला होता, लांब उभा. त्यानं कोठ्याच्या पत्र्यावर तळहात टेकवला, भाजला, झटकन काढला. "दिवाळीनंतर बोलू," म्हणाला आणि गेला. प्लॉटवाल्याला काय सांगितलं ते सांगितलं नाही. ह्या माणसाकडून सरळ वाक्य निघेल तो दिवस मी ह्या वहीत लाल शाईनं लिहीन.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून रीतसर सुरू.

माथ्यावर कोणाला पाठवायचं हा प्रश्न होता. कोणी नाही म्हणालं नसतं, म्हणूनच मी कोणाला विचारलं नाही. गळ्यात वायू मोजायचं यंत्र अडकवलं, साडीचा काचा मारला आणि फावडं स्वतः घेतलं. हे सकाळी म्हणाले होते, "अठ्ठावन्न वर्षं वय आहे तुझं." मी म्हटलं, माहीत आहे, तारखा आता चुकत नाहीत माझ्या.

दहा वाजता फाटकाशी रिक्षा थांबली. गंगम्मा काठी टेकत उतरली, मुलगी मागं. मी वरून बघतच राहिले. ती ऑफिसच्या खोलीत गेली नाही. चढणीच्या पायथ्याशी सावलीत एक पोतं टाकून घेतलं, त्यावर बसली, आणि मान वर करून म्हणाली, "वर एकटं मानूस ठिवायचं न्हाय. खालनं हाक मारायला कुनीतरी पायजे. ती म्या मारनार. तुमी ओ द्यायची."

"गळ्यात यंत्र आहे, गंगम्मा. वायू आला की ओरडतं."

"ओरडू द्या की. यंत्राला ओ देता येती का?"

मी फावडं उचललं.

मग सुरू झालं. दहा मिनिटं गेली की खालून, "अक्का." मी "ओ." पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा "अक्का." फावडं ओढताना, घाम पुसताना, झाकणाशी गाडी लावताना. चहा पितानासुद्धा. शाळेत हजेरी घेताना मुलींना किती कंटाळा येत असेल ते आज कळलं. एकदा मी जरा करवादून "आहे की गं" म्हटलं, तर खालून उत्तर आलं, "आहे न्हवं. ओ म्हना."

दगड दोनशे पाच अंश. कोळसा चौतीस पाट्या. यंत्र दिवसभर शून्य.

साडेतीनला कोठ्यातला दगड अडकला होता. मी फावड्यानं ठोकून तो मोकळा करत होते, त्या आवाजात तिची हाक मला ऐकू गेली नाही. दगड सुटला, मी वळले, तर ती काठी टेकत, मुलीला मागं सारत, धापा टाकत चढणीच्या अर्ध्यावर आली होती. वर येणार नाही म्हणाली होती, आली. आणि येताना मला जे जे म्हणून तोंडाला येईल ते बोलत होती. झोपलीस का, लाज न्हाय का, नाटकं करतीस का ह्या वयात.

"ओ," मी म्हटलं.

ती थांबली. माझ्याकडे नीट निरखून बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत. खाली जायचं नाव घेईना.

"पुन्ना द्या," म्हणाली.

मी पुन्हा दिली.